बेघर माणसांसाठी मानसिक आरोग्यसेवा: पहिल्या भेटीपासून स्वतःच्या खोलीपर्यंत

पुलाखाली, फूटपाथवर, स्टेशनच्या आडोशाला राहणाऱ्या माणसांसाठी मानसिक आरोग्याचं काम सुरू करू पाहणाऱ्या छोट्या गटांसाठी आणि संस्थांसाठी हा लेख आहे. असे बहुतेक गट सर्वांत आधी डॉक्टर शोधायला लागतात. डॉक्टर लागतोच, पण माझ्या मते तो पहिला टप्पा नव्हे. आधी रस्त्यावरच्या माणसाने तुम्हाला ओळखलं पाहिजे. त्यानंतर एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाताना कोणीतरी त्याच्या सोबत असलं पाहिजे. रस्त्यावरून दवाखान्यात, वॉर्डातून निवाऱ्यात, निवाऱ्यातून खोलीत, अशा प्रत्येक हस्तांतरात माणसं हातून निसटतात. लेखातला जास्त भाग म्हणूनच या दोन गोष्टींवर आहे.

आधी डोक्यातलं चित्र तपासा

‘बेघर मनोरुग्ण’ म्हटलं की केसांच्या जटा झालेला, स्वतःशी बोलत फिरणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. तो असतो, पण तो थोड्यांतला एक. श्रीमंत देशांतल्या बेघरांवरचे ३९ अभ्यास एकत्र तपासणारा एक मोठा आढावा २०२१ साली प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे ७६ टक्के लोकांना कोणता ना कोणता मानसिक आजार आढळला. त्यात सर्वांत जास्त प्रमाण दारूच्या व्यसनाचं होतं, जवळपास ३७ टक्के. त्याखालोखाल इतर अमली पदार्थांचं व्यसन. स्किझोफ्रेनियाच्या गटातले, म्हणजे भास आणि भ्रम होणारे आजार १२ टक्क्यांच्या आसपास होते आणि तीव्र नैराश्यही साधारण तेवढंच. म्हणजे आरडाओरडा करणाऱ्या माणसाइतकंच, दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहणाऱ्या, कोणाला त्रास न देणाऱ्या माणसाकडेही तुमचं लक्ष जायला हवं. त्याच्याविषयी तक्रार करायला कोणी येत नाही, त्यामुळे तो वर्षानुवर्षं तसाच राहतो.

आणखी एक गोष्ट फार कमी लोकांना ठाऊक असते. बेघर लोकांपैकी निम्म्याहून अधिकांना आयुष्यात कधी ना कधी मेंदूला इजा झालेली असते, असं २०२०च्या एका आढाव्यात दिसलं. पडणं, मारहाण, अपघात. अशा माणसाला दिलेली वेळ लक्षात राहत नाही, एका दमात सांगितलेल्या तीन सूचना समजत नाहीत, चटकन राग येतो. ‘याला बरं व्हायचंच नाही’ हा शेरा मारण्याआधी डोक्याला कधी मार लागला होता का, बेशुद्ध पडला होता का, एवढं विचारा.

टप्पा १: जागा आणि वेळ ठरवा, आणि ती पाळा

संपूर्ण शहराचा भार घेऊ नका. एक परिसर निवडा, जिथे तुमची दोन-तीन माणसं आठवड्यातून दोनदा, ठरलेल्या वेळी, निदान वर्षभर जाऊ शकतील. पहिले काही आठवडे फक्त पाहा. कोण कुठे झोपतं, कोणाचा कोणाला धाक आहे, पहाटे कोणाला उठवून लावलं जातं, बायका रात्री कुठे जातात. परिसरातले झाडूवाले, हमाल, पाणपोईवाले, रात्रपाळीचे पहारेकरी यांच्याशी बोला. कोण कधीपासून इथे आहे आणि कोणाची तब्येत अलीकडे घसरली आहे, हे त्यांना कोणत्याही सर्वेक्षणापेक्षा जास्त नेमकं माहीत असतं.

याच काळात कागदावर तीन याद्या करा. पहिली, फुकट तपासणी आणि औषधं कुठे मिळतात. दुसरी, रात्रीचे निवारे कुठे आहेत आणि ते कोणाला नाकारतात (दारू प्यायलेल्याला, जोडप्याला, कुत्रा सोबत असणाऱ्याला, कागदपत्रं नसणाऱ्याला). तिसरी, संकटात कोणाला फोन करायचा. प्रत्येक ठिकाणी स्वतः जाऊन या. खिडकी किती वाजता बंद होते, ओळखपत्राशिवाय केसपेपर निघतो का, हे समोर उभं राहिल्यावरच कळतं.

एखादा आठवडा जमणार नसेल तर आधी सांगा. ‘पुढच्या मंगळवारी येत नाही, शुक्रवारी येतो’ हे वाक्य किरकोळ वाटेल. पण ज्याला आजवर सगळे न सांगता सोडून गेले, त्याच्यासाठी ते किरकोळ नसतं.

टप्पा २: पहिल्या भेटी

१९८५ साली अमेरिकेत बॉस्टनमध्ये जिम ओ’कॉनेल हे तरुण डॉक्टर बेघरांच्या एका निवाऱ्यातल्या दवाखान्यात रुजू झाले. तिथल्या अनुभवी परिचारिका बार्बरा मॅकइनिस यांनी त्यांना स्टेथोस्कोप बाजूला ठेवायला लावला आणि काम दिलं ते आलेल्या माणसांचे पाय कोमट पाण्यात भिजवून धुण्याचं. डॉक्टर खाली जमिनीवर, रुग्ण वर खुर्चीत. दिवसभर चालून आणि ओल्या बुटांत राहून पायांना जखमा होतात, म्हणून ही खरी वैद्यकीय गरज होतीच. शिवाय ज्यांनी डॉक्टरांना कधी जवळ येऊ दिलं नव्हतं, ती माणसं पाय पाण्यात असताना हळूहळू बोलू लागली. पुढे ओ’कॉनेल यांनी बेघरांच्या वैद्यकीय सेवेतच सारी कारकीर्द घालवली.

यातून घ्यायचं ते असं: सुरुवात त्या माणसाला आज टोचणाऱ्या गोष्टीपासून करा. पाय, दात, खाज, चोरीला गेलेलं ओळखपत्र, चार्जिंग नसलेला फोन. मनाचा विषय आपोआप येतो.

जवळ जाताना समोरून आणि सावकाश जा. झोपलेल्याला हात लावून उठवू नका. मारहाण सोसलेला माणूस दचकून हात उगारतो आणि ‘हिंसक’ ठरतो. त्याची गोधडी, पुठ्ठा, पिशव्या हे त्याचं घर आहे, तेव्हा त्यावर पाय देऊ नका आणि विचारल्याशिवाय बसू नका. उभं राहून वरून बोलण्यापेक्षा उकिडवं बसा, पण त्याची उठून जायची वाट अडवू नका. पहिली भेट दोन-तीन मिनिटांत संपली तरी चालेल.

संवाद साधारण असा होतो.

“काका, इथे जरा बसू का?”

“कशाला?”

“मी सुनील. मंगळवारी-शुक्रवारी या बाजूला येतो. पायाला लागलंय का तुमच्या?”

“लागू दे. ते लोक रात्री माझ्या डोक्यात तार घालतात.”

इथे बहुतेक जण चुकतात. कोणी म्हणतं, “नाही हो काका, असं कोणी करत नाही.” कोणी दिलासा द्यायला म्हणून “हो का, कोण घालतं तार?” असं विचारून भ्रमात शिरतं. दोन्ही टाळा. भ्रम खोडू नका आणि मान्यही करू नका, त्यामागच्या त्रासाला उत्तर द्या: “मग रात्रभर झोपच लागत नसेल.” यावर समोरचा बहुधा मान वर करून पाहतो, कारण झोप लागत नाही ही गोष्ट खरी असते. पुढच्या भेटीत झोपेविषयी विचारायचा रस्ता तिथून उघडतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली मानसिक प्रथमोपचाराची जी पुस्तिका काढली, तिचा गाभा तीन क्रियांत आहे: पाहा, ऐका, जोडून द्या. रस्त्यावर यातलं ‘ऐका’ सर्वांत लांबतं. घर का सोडलं, काय घडलं, हे खोदून विचारू नका. रस्त्यावरच्या बऱ्याच बायकांच्या आणि मुलांच्या मागे अत्याचार असतो. ती गोष्ट त्यांनी सांगायची ठरवली तरच, आणि जिथे दुसरं कोणी ऐकत नाही अशा जागी ऐका. बाईशी बोलायला तुमच्या गटातली बाईच पुढे असावी.

फोटो काढू नका. ‘आधी’ आणि ‘नंतर’चे, केस कापतानाचे, अंघोळ घालतानाचे व्हिडिओ समाजमाध्यमांवर फिरतात, त्यांना पैसेही मिळतात. नीट विचार करण्याच्या स्थितीत नसलेल्या माणसाची संमती ही संमती नव्हे. बरा झाल्यावर त्याने स्वतःचा तो व्हिडिओ पाहिला तर त्याला काय वाटेल, हा प्रश्न स्वतःला विचारा. जबरदस्तीने केस कापणं, कपडे फाडून नवे घालणं यालाही मदत म्हणता येत नाही.

टप्पा ३: मनाचं म्हणण्याआधी शरीर तपासून घ्या

बरळणारा प्रत्येक माणूस मनोरुग्ण नसतो. काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत अचानक बिघडलेला, वेळ-काळाचं भान हरपलेला, मधूनच गुंगीत जाणारा माणूस दिसला तर ती बहुधा शारीरिक आणीबाणी असते. जंतुसंसर्ग, डोक्याला मार, साखर घसरणं, फिट येऊन गेल्यानंतरची अवस्था, शरीरातलं पाणी कमी होणं, मेंदूज्वर. याला सामान्य रुग्णालयाचा आपत्कालीन विभाग लागतो.

दारूचं वेगळं लक्षात ठेवा. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकाएकी बंद झाली, उदाहरणार्थ त्याला निवाऱ्यात किंवा कोठडीत ठेवलं, तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि दोन ते चार दिवसांत थरथर, भास, ताप असं चित्र उभं राहू शकतं. हे जीवघेणं ठरतं. त्यामुळे ‘आजपासून सोड’ असा सल्ला फूटपाथवर देऊ नका. दारू सोडवायची ती डॉक्टरच्या देखरेखीखाली आणि थायमिन (बी-१ जीवनसत्त्व) देऊन.

म्हातारा माणूस भांबावलेला असेल तर तो डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) असलेला आणि घर चुकलेला असू शकतो. काही जण तर फक्त दुसऱ्या भाषेत बोलत असतात आणि आजूबाजूच्या कोणालाच ते कळत नसतं. चार-पाच भाषा येणाऱ्या ओळखीच्या माणसांचे नंबर जवळ ठेवा आणि फोन कानाला लावून द्या.

टप्पा ४: संकटाची वेळ

आत्महत्येचा विचार मनात येतो का, हे सरळ विचारा: “जगणंच नको, मरून जावं असं वाटतं का?” विचारल्याने तो विचार डोक्यात घुसत नाही, उलट सांगायला मोकळीक मिळते. हो म्हटलं तर कसं करायचं ठरवलंय, साधन जवळ आहे का, हे विचारा. बेत ठरलेला असेल तर त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरपर्यंत न्या.

माणूस भडकला असेल तर गर्दी पांगवणं हे पहिलं काम. एकानेच बोलायचं, हळू आवाजात, छोट्या वाक्यांत, हात दिसतील असे ठेवून. अंतर ठेवा. पोलिसांची मदत घ्यावी लागली तर कायदा माहीत असू द्या. भारतात मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ यातल्या कलम १०० नुसार, भटकणारा आणि स्वतःची काळजी घेऊ न शकणारा मनोरुग्ण आढळला तर त्याला संरक्षणात घेणं हे पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याचं कर्तव्य आहे. त्याला जास्तीत जास्त २४ तासांत सरकारी आरोग्य संस्थेत तपासणीसाठी न्यावं लागतं, त्याला कोठडीत ठेवता येत नाही, आणि तो बेघर असेल तर हरवलेल्या व्यक्तीची नोंद करून घरच्यांचा शोध घ्यावा लागतो. कलम १८ नुसार निराधार आणि बेघर व्यक्तीला सरकारी किंवा सरकारी अनुदानावर चालणाऱ्या मानसिक आरोग्य संस्थांमध्ये उपचार मोफत मिळतात, दारिद्र्यरेषेचं कार्ड असो वा नसो. या कलमांची छापील प्रत पिशवीत ठेवा. वाद न घालता ती पुढे करता येते.

संमतीशिवाय दाखल करणं हा शेवटचा उपाय आहे. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका किंवा स्वतःची काळजी घेण्याची क्षमताच संपलेली, अशा स्थितीतच आणि कायद्याने घालून दिलेल्या वाटेनेच तो वापरा. विचित्र वागतो, घाण वास येतो, रहिवाशांना नको आहे, ही दाखल करण्याची कारणं नव्हेत.

टप्पा ५: औषधं रस्त्याच्या आयुष्यात बसवा

औषध का घेत नाही, हे त्यालाच विचारा. उत्तर पुष्कळदा अगदी व्यवहारी असतं. गोळीने गाढ झोप लागते आणि उघड्यावर गाढ झोपलेल्या माणसाचं सामान जातं, बाईच्या बाबतीत त्याहून वाईट घडतं. गोळ्यांची पिशवी पावसात भिजते, चोरीला जाते, सफाईच्या गाडीत जाते. हे डॉक्टरला कळलं नाही तर केसपेपरवर ‘औषध घेत नाही’ एवढंच उमटतं.

म्हणून डॉक्टरकडे जाताना पुढच्या गोष्टी बोला. कमी गुंगीचं औषध देता येईल का? दिवसातून एकदाच घेता येईल असं काही आहे का? मनोविकृतीसाठी (भास-भ्रम होणाऱ्या आजारासाठी) दोन ते चार आठवड्यांनी घ्यायचं दीर्घकाळ टिकणारं इंजेक्शन त्याला चालेल का? काहींना ते मोठी सुटका वाटते, काहींना सुईची जबरदस्ती वाटते. निवड त्याची असावी. लिथियम (मनःस्थितीच्या टोकाच्या चढउतारांवरचं औषध) घेणाऱ्याच्या शरीरातलं पाणी कमी झालं तर औषध विषारी पातळीला जाऊ शकतं, आणि उन्हात राहणाऱ्याला हा धोका रोजचा आहे. मनोविकृतीवरची काही औषधं शरीराची उष्णता सांभाळण्याची क्षमता कमी करतात, हेही उन्हाळ्याआधी विचारून घ्या. गोळ्या आठवड्यापुरत्याच द्या. बाकीचा साठा तुमच्याकडे किंवा त्याचा विश्वास असलेल्या दुकानदाराकडे ठेवता येतो.

पहिल्या तपासणीला सोबत जा. रांगेत उभे राहा. तो बोलत असताना मधे बोलू नका, पण विसरला तर आठवण करून द्या.

टप्पा ६: हस्तांतर

रुग्णालयातून सोडतात तो दिवस सर्वांत जोखमीचा. दाखल झाल्यापासूनच वॉर्डातल्या समाजसेवकाशी बोलून ठेवा आणि सोडण्याची तारीख चार दिवस आधी कळावी अशी विनंती करा. त्या दिवशी दारात तुमचा माणूस हवा. हातात औषधं, पुढच्या तपासणीची तारीख, आणि रात्री झोपायची ठरलेली जागा. यातलं एक जरी नसेल तर सोडण्याची घाई करू नका म्हणून डॉक्टरांना सांगा.

या हस्तांतरासाठी न्यूयॉर्कमध्ये एक पद्धत तयार झाली. निवाऱ्यातून बाहेर पडून घरात जाणाऱ्या माणसाला नऊ महिने एकाच कार्यकर्त्याची साथ. पहिले तीन महिने घट्ट: घरी भेटी, डॉक्टर, घरमालक, शेजार, सगळ्यांशी ओळख. पुढचे तीन महिने कार्यकर्ता मागे सरतो आणि जोडलेले धागे टिकतात का ते पाहतो. शेवटचे तीन महिने निरोपाचे, तेही उघड बोलून. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ९६ पुरुषांना १८ महिने पाहिलं. ही साथ मिळालेल्यांच्या सरासरी ३० रात्री बेघर अवस्थेत गेल्या, नेहमीची सेवा मिळालेल्यांच्या ९१. नऊ महिने संपल्यावरही फरक टिकला होता. छोट्या गटाने एकच पद्धत उचलायची झाली तर मी हीच सुचवेन, कारण तिला मोठी इमारत लागत नाही, लागतो तो न बदलणारा माणूस.

टप्पा ७: घर

‘आधी बरा हो, दारू सोड, मग घर’ ही जुनी रीत. १९९२ साली न्यूयॉर्कमध्ये सॅम त्सेम्बेरिस यांनी ती उलटी केली: आधी कुलूप लावता येईल अशी स्वतःची खोली, उपचार सोबतीला, पण उपचार घेण्याची अट नाही. कॅनडाने २००९ पासून पाच शहरांत दोन हजारांहून अधिक लोकांवर ही पद्धत तपासली, फिनलंडने २००८ पासून ती राष्ट्रीय धोरण म्हणून राबवली. घर मिळालेली बहुसंख्य माणसं घरात टिकून राहतात, हे पुन्हा पुन्हा दिसलं. आजाराची लक्षणं मात्र केवळ घर मिळाल्याने नेहमीच्या सेवेपेक्षा फार जास्त कमी झाली नाहीत, म्हणून खोली देऊन हात झटकता येत नाहीत.

जिथे प्रत्येकाला स्वतंत्र घर देणं शक्य नाही तिथे चेन्नईच्या ‘द बॅनियन’चा अनुभव उपयोगी आहे. वंदना गोपीकुमार आणि वैष्णवी जयकुमार यांनी १९९३ साली रस्त्यावरच्या मनोरुग्ण बायकांसाठी ही संस्था सुरू केली. वर्षानुवर्षं संस्थेत राहिलेल्या बायकांना पुढे साध्या वस्तीत भाड्याच्या घरात चौघी-पाचजणींनी मिळून राहण्याची व्यवस्था त्यांनी उभी केली, आधाराला एक कार्यकर्ती. स्वयंपाक काय करायचा आणि दार कोणाला उघडायचं, हे त्या ठरवतात.

खोलीत आल्यावर पहिले काही आठवडे माणूस जमिनीवर झोपेल, दार उघडं ठेवेल, दिवसा जुन्या जागी जाऊन बसेल. त्याला आडकाठी करू नका. त्याची माणसं तिथे आहेत, आणि एकटेपणाने खोली सोडणारे पुष्कळ असतात.

घरच्यांचा शोध

डॉ. भरत वाटवानी यांनी १९८८ साली सुरू केलेल्या श्रद्धा पुनर्वसन संस्थेने रस्त्यावरच्या हजारो मनोरुग्णांना उपचार देऊन घरी पोहोचवलं. २०१८ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांचा क्रम लक्षात घ्या: आधी उपचार, मग पत्ता. आजार ओसरला की आठवणी परत येतात. ‘गाव कुठलं’ याला उत्तर आलं नाही तर शाळेचं नाव, जवळचं स्टेशन, नदी, आठवडी बाजाराचा वार विचारा.

पण घर सापडलं म्हणजे तिथे न्यायलाच हवं असं नाही. त्याला जायचंय का, हे एकट्यात विचारा. मारहाणीमुळे पळालेल्या बाईचा पत्ता घरच्यांना देणं तिच्या जिवावर बेतू शकतं. घरी पोहोचवलं तर तिथल्या जवळच्या दवाखान्याशी गाठ घालून द्या, औषधांचा कागद घरातल्या दोघांना समजावून सांगा आणि पहिल्या महिन्यात दर आठवड्याला फोन करा.

गटाची माणसं आणि नोंदी

स्वतः रस्त्यावर राहून सावरलेली एक तरी व्यक्ती गटात पगारावर घ्या. ती ज्या गोष्टी पाहते त्या बाकीच्यांना दिसत नाहीत. एका कार्यकर्त्यावर गंभीर आजार असलेल्या दहा-बारांपेक्षा जास्त माणसांची जबाबदारी टाकू नका. एकट्याने फिरू नका. आठवड्यातून एकदा बसून त्या आठवड्यात कोणाला काय जड गेलं ते बोला. मृत्यू झाला तर ही बैठक त्याच दिवशी घ्या आणि त्याच्या ओळखीच्यांना तुम्हीच सांगा.

नोंदवही साधी ठेवा: तो ज्या नावाने हाक मारून घेतो ते नाव, भेटल्याची जागा, आज काय मागितलं, आपण काय कबूल केलं, पुढची भेट कधी. निदान आणि आजाराचा तपशील वेगळ्या, कुलूपबंद वहीत. किती लोकांना ‘उचललं’ किंवा किती जणांना दाखल केलं, हे आकडे देणगीदारांना आवडतात, पण कामाविषयी काहीच सांगत नाहीत. सहा महिन्यांनी तो कुठे झोपतोय, औषध स्वतःहून मागतोय का, आणि आपण कबूल केलेल्यातलं किती पाळलं, हे मोजा. यातलं तिसरं उत्तर त्यालाच विचारून लिहा.